चार मीटरांच्या आतील मोटार

२०२५ साली आपल्या बाजारात असलेल्या लहान सेडान मोटारींची मापे कोणी एका कागदावर ओळीने लिहून काढली, तर गणिताच्या विद्यार्थ्यास एक गोष्ट तत्काळ खटकेल. मारुतीची डिझायर ३९९५ मिलिमीटर लांब; होंडाची अमेझ ३९९५; ह्युंदाईची ऑरा ३९९५; टाटांची टिगोर ३९९३. त्यांच्या पेट्रोल इंजिनांची मापे त्याच क्रमाने ११९७, ११९९, ११९७ व ११९९ घनसेंटिमीटर. कारखाने चार, त्यांतील दोघांचे मूळ जपानात, एकाचे कोरियात आणि एकाचे आपल्याच देशात. तरीही लांबीत दोन मिलिमीटरांहून अधिक फरक नाही. एखाद्या वर्गातील चार मुलांची उत्तरे दशांश चिन्हासकट जुळली, तर गुरुजी प्रथम काय विचारतील हे आम्ही सांगावयास नको. येथे मात्र कोणी कोणाची वही पाहिलेली नाही. चौघांपुढे प्रश्नच एक होता, आणि तो सरकारी करखात्याने घातलेला होता.

आधी सेडान म्हणजे काय, ते पाहू. सतराव्या शतकात इंग्लंडात दोन माणसांनी दांड्यांवर उचलून न्यावयाच्या बंद खुर्चीस सेडान म्हणत. आपल्याकडील मेण्याचाच तो एक प्रकार. आज मोटारीच्या संदर्भात ह्या शब्दाने तीन भागांची गाडी समजावी: पुढे इंजिनाची पेटी, मध्ये माणसांची व मागे सामानाची, म्हणजे डिकी. ज्या गाडीत मागली पेटी वेगळी नसते व मागच्या काचेसकट सगळे दारच वर उचलले जाते, ती हॅचबॅक. हॅचबॅक आखूड असणे स्वाभाविक आहे. परंतु तीन पेट्या चार मीटरांत बसविणे म्हणजे मोठ्या कुटुंबाने दोन खोल्यांत संसार मांडण्यासारखे आहे.

हा खटाटोप सुरू झाला तो २००६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकापासून. त्या वर्षी लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क शेकडा २४ वरून १६ वर आणण्यात आले आणि 'लहान मोटार' कोणती, हेही ठरविण्यात आले. लांबी ४००० मिलिमीटरांहून अधिक नसावी. इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० व डिझेलचे असेल तर १५०० घनसेंटिमीटरांहून मोठे नसावे. दोन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. एक पाळून दुसरी मोडणाऱ्यास सवलत नाही.

टाटांनी ह्या व्याख्येतील संधी प्रथम हेरली. २००८ साली त्यांनी आपल्या इंडिगो गाडीची शेपटी छाटून ३९८८ मिलिमीटर लांबीची इंडिगो सीएस बाजारात आणली. त्याच वर्षी मारुतीची पहिली डिझायर आली. ती मात्र ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा लांबी ३९९५ झाली. १६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच, कोठून गेले? मुख्यत्वे डिकीतून. पहिल्या डिझायरची डिकी ४४० लिटरांची होती, दुसरीची ३१६ लिटरांची राहिली. घरातील एका माणसाची बॅग कराच्या फीतपट्टीने कापून नेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या काळच्या गाड्या बाजूने पाहिल्या म्हणजे मागचा भाग कोणीतरी दार लावताना चेपल्यासारखा दिसे, आणि आमच्या मते तो दोष पुढील आवृत्त्यांत कौशल्याने झाकला गेला तरी पुरता गेलेला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या चौथ्या डिझायरची डिकी ३८२ लिटरांची आहे. लांबी तीच ३९९५. आतल्या मांडणीत काटकसर करून जागा परत मिळविली आहे.

येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते की, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी व पुढे काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने सर्वांच्या ओळखीची झालेली फियाट ही देखील तीन पेट्यांची, चार मीटरांहून किंचित आखूड व १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची होती. कोणताही कर तिला तसे सांगत नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या मापाची गाडी कुटुंबास पुरेशी मानली, त्याच मापाशी कायद्याच्या वाटेने आपण पुन्हा येऊन पोहोचलो.

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला, उत्पादनशुल्क गेले, पण ती व्याख्या टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या व्याख्येत बसणाऱ्या मोटारीवर शेकडा १८ व तीत न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारीवर शेकडा ४० कर लागू झाला. हिशेब करून पाहावा. करापूर्वी सात लाख रुपये मूल्य असलेली गाडी १८ टक्क्यांनी ८ लाख २६ हजारांस पडते, आणि ४० टक्क्यांनी ९ लाख ८० हजारांस. दोहोंत १ लाख ५४ हजारांचे अंतर! पुण्याजवळ चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस ही सेडान पाहा. तिच्या लहान इंजिनाचे माप अवघे ९९९ घनसेंटिमीटर, म्हणजे डिझायरहूनही कमी. परंतु लांबी ४५६१ मिलिमीटर. इंजिनाची अट पाळली, लांबीची नाही. म्हणून कर ४० टक्के.

आता इंजिनाकडे वळू. नव्या डिझायरच्या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ७४ मिलिमीटर, आणि त्यात वरखाली होणाऱ्या दट्ट्याची धाव ९२.८ मिलिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र नववीच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहेच. त्रिज्या ३.७ सेंटिमीटर, तिच्या वर्गास ३.१४१६ ने गुणले की तळाचे क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटिमीटर येते, त्यास ९.२८ ने गुणले की सुमारे ३९९ घनसेंटिमीटर. तिहींचे मिळून ११९७. जुन्या, म्हणजे २०२० ते २०२४ ह्या काळातील डिझायरमध्ये चार सिलिंडर होते; व्यास ७३ व धाव ७१.५ मिलिमीटर. तोच हिशेब पुन्हा मांडावा: एका सिलिंडराचे २९९, आणि चोहोंचे मिळून पुन्हा ११९७! करमर्यादेचे तेच भांडे एकदा चार वाट्यांत व एकदा तीन वाट्यांत भरले, एवढाच फरक.

पण तो फरक लहान नव्हे. पेट्रोल पेटते त्या क्षणी दट्ट्या सिलिंडरच्या माथ्याशी असतो, आणि माथ्याच्या धातूत काही उष्णता मुरून वाया जाते. चार सिलिंडरांच्या माथ्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर होते. तिहींचे १२९ भरते. उष्णता गिळणारे पृष्ठ कमी झाले, शिवाय घासणारा एक दट्ट्या व त्याच्या झडपा कमी झाल्या. म्हणून त्याच पेट्रोलात गाडी अधिक धावते. जुन्या गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला २२.४१ किलोमीटर होता, नवीचा २४.७९ आहे.

ह्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे शक्ती घटली: जुने इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे होते, नवे सुमारे ८२ चे. दुसरे म्हणजे थरथर. इंजिनाच्या दांड्याचे दोन पूर्ण फेरे होईपर्यंत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. दोन फेरे म्हणजे ७२० अंश. चार सिलिंडर असले तर दर १८० अंशांनी एक धक्का मिळतो. एकाचा जोर संपतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो. तीन असले तर धक्का २४० अंशांनी येतो, आणि प्रत्येकाचा जोर १८० अंशांतच सरत असल्यामुळे मध्ये ६० अंश दांड्यास ढकलणारे कोणीच नसते. जड चाकात साठलेल्या गतीवर तो तेवढी वाट काढतो. शिवाय टोकांचे दोन दट्ट्ये एकमेकांस तोलून धरीत नाहीत, त्यामुळे इंजिन लांबीच्या दिशेने पाळण्यासारखे डुलू पाहते. रबरी आधारांनी ते बरेच आवरले जाते. तरीही चौकात गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून चाकावर हात ठेवला, तर तीन व चार सिलिंडरांतील भेद हातास कळतो. ऑरा व अमेझ ह्या गाड्यांनी चारच ठेवले आहेत, टिगोरमध्ये तीन आहेत. ज्याला शांतता प्रिय आहे त्याने हे लक्षात घ्यावे. ज्याला पेट्रोलचा खर्च बोचतो त्याने तिसऱ्या वाटीचा राग मानू नये.

अश्वशक्तीचा आकडा जाहिरातीत ठळक छापतात आणि टॉर्कचा बारीक. वास्तविक घाटाच्या प्रवाशास दुसराच अधिक उपयोगी. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. ती कामाची गती होय. टॉर्क म्हणजे दांड्यास पीळ देणारे बळ. डिझायरचा टॉर्क १११.७ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास सुमारे साडेअकरा किलो वजन टांगल्याने जो पीळ बसेल तेवढा. पण तो मिळतो मिनिटास ४३०० फेरे असताना. त्या वेळी शक्ती किती? फेऱ्यांनी गुणून पाहिले तर सुमारे ६८ अश्वशक्ती. पूर्ण ८२ अश्वशक्ती ५७०० फेऱ्यांवर येते, आणि तेथे टॉर्क उतरून सुमारे १०० न्यूटन-मीटरांवर आलेला असतो. पीळ कमी, पण फेरे अधिक. म्हणून गुणाकार मोठा.

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणाऱ्यांस ह्या कोष्टकाचा अर्थ पहिल्याच चढावर उमगतो. पाच माणसे, मागे सामान, वळणावर वेग पडलेला, फेरे दोन हजारांच्या खाली. अशा वेळी चौथ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबून गाडी गुरगुरते, चढत नाही. खालचा गिअर घालून फेरे वाढू दिले पाहिजेत. व्हर्टसचे ९९९ घनसेंटिमीटरांचे इंजिन येथे सरस ठरते, कारण त्यात धुराच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून सिलिंडरात कोंबतो. त्यामुळे १७५० फेऱ्यांपासूनच १७८ न्यूटन-मीटर टॉर्क हाताशी असतो. भांड्याचे माप लहान, पण त्यात ठासून भरलेले. अर्थात अशा इंजिनाचा खर्चही वेगळा आणि त्या गाडीचा करही वेगळा.

गिअरांविषयी थोडक्यात. डिझायरमध्ये पाच गिअरांची हाताने चालवावयाची पेटी आहे; आणि त्याच पेटीवर क्लच दाबणारा व गिअर बदलणारा यांत्रिक हात बसविला की स्वयंचलित आवृत्ती होते. नवी पेटी नव्हे, जुन्याच पेटीस मिळालेला चाकर! म्हणूनच तिची अधिक किंमत २०२४ साली ४५ हजार रुपयेच होती. हा चाकर थोडा संथ आहे. गिअर बदलताना गाडी क्षणभर मान डोलावते. शहरातील गर्दीत मात्र डाव्या पायास मिळणारा विसावा मोठा.

इंजिन ठरले की श्रेणीचा प्रश्न येतो, आणि घरोघर वाद होतो तो येथेच. डिझायर नोव्हेंबर २०२४ मध्ये चार श्रेणींत आली: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस. त्या वेळच्या प्रारंभीच्या किमती, दुकानातील नोंदणी व विमा सोडून, ६ लाख ७९ हजार, ७ लाख ७९ हजार, ८ लाख ८९ हजार व ९ लाख ६९ हजार अशा होत्या. स्वयंचलित पेटी व सीएनजी ह्यांचे पर्याय जमेस धरता एकूण नऊ प्रकार होतात. पहिल्या श्रेणीपासून शेवटच्या श्रेणीपर्यंत २ लाख ९० हजारांचे अंतर आहे. तेवढ्या पैशांत इंजिनाच्या शक्तीत काय भर पडते? काहीही नाही. तेच ११९७, तीच ८२ अश्वशक्ती.

मग वाढते काय? एलएक्सआयला १४ इंची पोलादी चाके आहेत, गाणी ऐकण्याचे यंत्र नाही. व्हीएक्सआयमध्ये ७ इंची पडदा येतो आणि मागच्या बाकास थंड हवेची झरोकी मिळतात. ही दुसरी गोष्ट उन्हाळ्यात आजीआजोबांच्या दृष्टीने पडद्याहून मोलाची. झेडएक्सआयला १५ इंची मिश्रधातूची चाके, एलईडी दिवे, मागे पाहण्याचा कॅमेरा, किल्ली न फिरविता बटनाने सुरू होणारे इंजिन. शेवटच्या श्रेणीत छताला उघडणारी काच, ९ इंची पडदा आणि चहूबाजूंचे चित्र दाखविणारे कॅमेरे. छतातील काच ही ह्या देशाच्या उन्हात कितपत कामाची, ह्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. पण मुलांचे मत नेहमीच अनुकूल असते, आणि खरेदीच्या दिवशी मुलेच जिंकतात.

ज्याकडे पाहावयास हवे ते वेगळेच. पूर्वी एअरबॅग ही वरच्या श्रेणीची चैन समजली जाई. थोडे पैसे वाचविणारा माणूस नकळत कुटुंबाच्या डोक्यावरचे कवच वाचवीत असे. चालकापुढील एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९ साली. शेजारच्या आसनासाठी त्यानंतर. नव्या डिझायरमध्ये सर्वांत खालच्या श्रेणीतही सहा एअरबॅगा व घसरणारी गाडी सावरणारी विद्युत्-योजना आहे. ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेने २०२४ मध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिली आणि मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी तीस पाच तारे दिले. मारुतीच्या कोणत्याही गाडीस हे प्रथमच मिळाले. २०२५ साली आपल्या देशातील भारत एनकॅपनेही पाच तारे दिले. म्हणजे ह्या गाडीत तरी सुरक्षितता ही श्रेणीवर अवलंबून राहिलेली नाही. दुसऱ्या कोणत्याही गाडीचे पत्रक हाती घेतल्यावर पडद्याचे इंच मोजण्यापूर्वी सर्वांत खालच्या श्रेणीचा हा रकाना वाचावा.

सहा एअरबॅगा म्हणजे सहा माणसांस एकेक, असा समज आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो खरा नाही. दोन पुढील दोघांच्या समोर, दोन त्यांच्या कुशीला, आणि दोन पडद्यासारख्या वरून खिडक्यांवर उतरणाऱ्या. समोरून टक्कर झाली तर मागच्या बाकावरील माणसापुढे एअरबॅग नसते. त्याला धरणारा केवळ पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मरण पावले. गाडी मोठी व महागडी होती. मागे बसलेल्या त्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागील प्रवाशांस पट्टा बांधणे कायद्यानेही आवश्यक आहे. शाळेत सोडावयास येणाऱ्या गाड्यांत मागे बसणारे बहुधा आपणच असतो.

राहिला सीएनजीचा पर्याय. तो व्हीएक्सआय व झेडएक्सआय ह्या दोन मधल्या श्रेणींतच देण्यात आला. वायू सिलिंडरात शिरताना हवेची काही जागा घेतो, हवा कमी पडते, म्हणून शक्ती ८२ वरून सुमारे ७० अश्वशक्तीवर येते. डिकीत टाकी बसते. कराने कापून उरलेली जागा ती घेते. उलट, किलोला ३३.७३ किलोमीटर धाव मिळते. २०२४ साली पेट्रोलच्या त्याच श्रेणीहून किंमत ९५ हजारांनी अधिक होती. हे पैसे केव्हा फिटतात? हिशेबापुरते पेट्रोल लिटरला १०० व वायू किलोला ९० रुपये धरू. पेट्रोलने किलोमीटरला ४.०३ रुपये, वायूने २.६७; वाचले सुमारे १.३७ रुपये. ९५ हजारांस ह्याने भागले तर जवळजवळ ७० हजार किलोमीटर येतात. दिवसास २०० किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीवाल्याचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात फिटतील. वर्षास आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थास मात्र पावणेनऊ वर्षे वाट पाहावी लागेल, आणि तोवर प्रत्येक लग्नकार्यास जाताना बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. आपल्या गावचे भाव घालून हे उदाहरण ज्याने त्याने पुन्हा सोडवावे.

शेवटी त्या २४.७९ ह्या आकड्याविषयी. असे प्रमाणित आकडे रस्त्यावर काढीत नाहीत. पुण्यास वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. अशा संस्थांत गाडीची चाके लोखंडी रुळांवर फिरवून, ठरलेल्या क्रमाने वेग कमीजास्त करीत, ताशी ९० किलोमीटरांपलीकडे न जाता ही परीक्षा होते. तेथे खड्डा नाही, घाट नाही, मध्येच आडवी येणारी म्हैस नाही. डिझायरच्या ३७ लिटरांच्या टाकीस २४.७९ ने गुणले तर ९१७ किलोमीटर येतात. तेवढ्या भरवशावर कोणी बेळगावाहून निघू नये. निरनिराळ्या गाड्या एकाच मापाने तोलण्यास हा आकडा योग्य आहे; आपल्या गाडीचा आकडा आपणच काढावा लागतो. टाकी पंपावर आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर लिहून घ्यावेत, तीनचारशे किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवावी, आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितक्यांनी धावलेल्या किलोमीटरांस भागावे. वहीत तीन रकाने पुरेत: तारीख, लिटर व किलोमीटर. पावसाळ्याचा एक आणि उन्हाळ्याचा एक असे दोन हिशेब ठेवले, तर थंड हवेचे यंत्र किती पेट्रोल पिते तेही त्यांतून निघेल.